‘हलकं’ लिनक्स, ‘लाइव्ह’, ‘माउंट’ : नवख्या माणसाला कळतील असे शब्द सुचवा

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी चालणाऱ्या लहान लिनक्स सिस्टिम्स, म्हणजे पपी, अँटीएक्स, लुबुंटू वगैरे, यांची अगदी नवख्या माणसासाठी दोन पानी मराठी माहिती लिहितोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. लाइटवेटला काय म्हणायचं? ‘हलकं’ म्हटलं की लगेच हलक्या प्रतीचं असा अर्थ निघतो, आणि लाइटवेट तसंच ठेवलं तर ज्याच्यासाठी लिहितोय त्यालाच कळणार नाही. पुढे लाइव्ह, फ्रुगल इन्स्टॉल, माउंट हेही आहेतच.

—

‘सुटसुटीत’ म्हणा की! ऐकायला छान आहे आणि कमीपणाही येत नाही.

—

सुटसुटीत म्हणजे दिसायला-वापरायला सोपं, तो वेगळा गुण झाला. टायनी कोअर ही लिनक्स सिस्टिम घ्या, डाउनलोड अगदी चिमुकलं, पण नवख्याला सुटसुटीत अजिबात वाटणार नाही. मी तर सरळ ‘कमी मेमरीत चालणारी सिस्टिम’ लिहीन, लांब आहे पण खरं आहे. आणि लगेच पुढच्या ओळीत हेही लिहा की हलका आहे तो डेस्कटॉप, म्हणजे मेनू आणि खिडक्या दाखवणारा भाग (एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई नावाचा), ब्राउझर नाही. सिस्टिम स्वतः काहीशे एमबी मेमरीत (रॅममध्ये) भागवते पण ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की तोच त्याहून जास्त मेमरी खातो, मग माणूस म्हणतो हलकं म्हणालात आणि इथे तर सगळं अडकतंय. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच दिवशी विश्वास उडतो.

—

लाइव्हला ‘तात्पुरतं’ म्हणू नका, कळकळीने सांगतेय. पेनड्राइव्हवरून सिस्टिम मेमरीत चालते, बंद केली की तिच्यातल्या सेटिंग्ज जातात, इथपर्यंत तात्पुरतं बरोबर आहे. पण त्याच वेळी हार्डडिस्क उघडून तिथली फाइल डिलीट केली तर ती खरोखरच जाते, आणि ‘तात्पुरतं’ वाचलेला माणूस बिनधास्त डिलीट करतो. मी असं लिहिते : ‘इन्स्टॉल न करता चालवून पाहा. सेटिंग्ज टिकणार नाहीत, हार्डडिस्कवर केलेले बदल मात्र कायमचे असतील.’

पपीत आणखी एक गंमत आहे. २००३ मध्ये बॅरी कॉलर यांनी ती सुरू केली तेव्हापासून तिचा भर मेमरीतून चालण्यावर आहे, त्यामुळे पहिल्यांदा बंद करताना ती विचारते सेशन सेव्ह करायचं का. नवख्याला सेशन म्हणजे काय ते माहीत नसतं, तो नाही म्हणतो आणि वायफायचा पासवर्डसुद्धा पुन्हा टाकायची वेळ येते. तिथे ‘आज केलेले बदल पुढच्या वेळी हवेत का?’ एवढंच विचारावं. फ्रुगल इन्स्टॉलचं ‘काटकसरीचं’ वगैरे काही करू नका, त्यात होतं काय तर सिस्टिमच्या मोजक्याच मोठ्या फाइल्स डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये राहतात, आधीचा डेटा पुसावा लागत नाही, आणि माणसाला नेमकं हेच हवं असतं की माझे फोटो राहतील ना. मग नावातच ते सांगा : ‘फोल्डरमध्ये इन्स्टॉल’.

—

माउंट म्हणजे लावलेल्या ड्राइव्हमधल्या फाइल्स सिस्टिमला वापरता येतील असं करणं. त्याला ‘जोडणे’ नको, पेनड्राइव्ह माणसाने आधीच जोडलेला असतो! ‘उघडा’ पुरे. त्याच्या उलटं, म्हणजे अनमाउंट, जास्त महत्त्वाचं आहे कारण कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसलं तरी काही मजकूर अजून मेमरीतच असू शकतो, तेव्हाच ड्राइव्ह उपसला तर फाइल अर्धवट राहते. म्हणून ‘काढण्याआधी बंद करा’.

—

सगळ्यांचे आभार, फोल्डरमध्ये इन्स्टॉल आणि कमी मेमरीत चालणारी हे दोन्ही घेतले, लाइव्हचं वाक्य जसंच्या तसं घेतो चालेल ना? रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता), टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), पासवर्ड हे शब्द तसेच ठेवतोय.

—

घ्या की, खुशाल. पासवर्ड शब्द ठेवा पण त्याच्याखाली एक ओळ हवीच, कारण टर्मिनलमध्ये बहुतेक ठिकाणी पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत आणि लोकांना वाटतं कीबोर्डच बंद पडला : ‘टाइप करताना काहीच दिसणार नाही, तरी पूर्ण पासवर्ड टाकून एंटर दाबा.’