टायटॅनोसॉरस की इसिसॉरस? पोरीच्या प्रोजेक्टसाठी विचारायलोय

परभणीकर: पोरगी आठवीत आहे, शाळेत भारतातल्या डायनासोरवर प्रोजेक्ट दिलाय. माझ्या जुन्या पुस्तकात टायटॅनोसॉरस कोलबर्टी लिहिलंय अन् ती मोबाईलमध्ये बघून इसिसॉरस म्हणायलीय. हे दोन वेगळे प्राणी आहेत का? अन् आपल्या मराठवाड्यात का सापडत नाही हो काहीच?

काळी माती: प्राणी एकच, नाव बदललंय, पोरगी बरोबर आहे. टायटॅनोसॉरस हे नाव 1877 ला लायडेकर नावाच्या संशोधकानं जबलपूरच्या शेपटीच्या दोन मणक्यांवरून दिलं होतं, पण त्या मणक्यांची जी खूण तेव्हा खास वाटली ती नंतर कितीतरी जातींत सापडली, मग नुसत्या तेवढ्यावरून ओळखायचं कसं? म्हणून 2003 मध्ये विल्सन अन् अपचर्च या संशोधकांनी ते नाव बाद धरलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा सांगाडा मात्र बऱ्यापैकी मिळालेला, 1997 ला त्याला टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हणलं होतं, त्याला मग इसिसॉरस हे नवं नाव दिलं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून आहे ते, तिथल्याच लोकांनी अभ्यास केलाय. प्रजातीचं कोलबर्टी तसंच राहिलं.
वर्गीकरण असं लिहा: डायनासोर, त्यात सॉरिस्कियन (सरड्यासारख्या कमरेच्या हाडांचे), त्यात सॉरोपॉड (लांब मानेचे, झाडपाला खाणारे), त्यात टायटॅनोसॉर. म्हणजे टायटॅनोसॉर हा गट आजबी चालतो, वांदा फक्त टायटॅनोसॉरस या नावाचा. इथंच पोरं गडबडतात, तिला नीट समजावा.

मास्तर_बीड: मराठवाड्याचं सांगतो. आपण विहीर खोदली की काय लागतं? काळा पाषाण नाहीतर मांजऱ्या. हा सगळा लाव्हा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, अन् ही हाडं ज्या लॅमेटा थरात मिळतात तो त्याच्या खाली असतो. चंद्रपूरकडं, जबलपूरकडं लाव्ह्याची कड आहे, तिथं तो थर उघडा पडलाय. आपण मधोमध, वर शेकडो मीटर दगड.
अजून एक, चंद्रपूरच्याच पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले मिळालेत, बहुधा टायटॅनोसॉरचेच. त्यात गवताचे बारीक कण सापडले, 2005 ला छापून आलं. तोवर त्या काळात गवत होतं असं फारसं कुणी धरत नव्हतं! हे टाकाच प्रोजेक्टमध्ये.

परभणीकर: लई आभार दोघांचे. शेणाचं ऐकून ती चित्र काढायला बसलीय, डोकं कसं काढू विचारायलीय.

काळी माती: डोंगरगावच्या सांगाड्याची कवटी मिळालीच नाही. पुढचे पाय लांब काढायला सांगा, अन् डोक्याजवळ "अंदाजे" लिहू द्या.