मदत हवी आहे (नोव्हेंबर 2025) : दोष ड्राफ्टचा की कोचचा, हे वेगळे कसे काढावे?

हडसनकाठ

मला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आम्ही चौघे मित्र मिळून हंगामी तिकिटे घेतो. आमच्या संघाने गेल्या आठवड्यात आपले दोन सर्वोत्तम खेळाडू एकाच दिवशी दुसऱ्या संघांना देऊन टाकले आणि त्या बदल्यात पहिल्या फेरीची पिके, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या पाळ्या, घेतली. तेव्हापासून बाकीचे तिघे तिकिटे सोडायची म्हणून हटून बसले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की या संघाला ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडताच येत नाहीत, त्यामुळे ही नवी पिकेही जुन्यांच्याच वाटेने जाणार. मला मात्र अनेक वर्षांपासून वाटत आले आहे की निवड तितकी वाईट नसते. निवडलेल्या खेळाडूचे पुढे जे केले जाते, ते भयंकर असते.

एखादा खेळाडू अपयशी ठरला, तर दोष निवडणाऱ्याचा होता की शिकवणाऱ्याचा, हे वेगळे काढण्याची काही पद्धत आहे का? मला उदाहरणांसह सांगता येईल असे काहीतरी हवे आहे. संघ बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

मांडवीतीर

कोणता संघ आणि कोणती लीग, हे लिहिले असते तर उत्तर देणे सोपे झाले असते. आयएसएल या भारतीय फुटबॉल लीगबद्दल विचारत असाल तर तिथे 2014 मध्ये भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला होता आणि 2017 मध्येही झाला होता, परंतु पहिल्या फेरीची पिके देऊन खेळाडू सोडण्याचा प्रकार माझ्या पाहण्यात नाही.

कोचच्या बाबतीत मात्र आमच्या गोव्याचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. 2020 च्या जानेवारीअखेरीस एफसी गोवा गुणतक्त्यात अव्वल असताना सर्जिओ लोबेरा यांना काढून टाकण्यात आले. आम्ही सगळेच चिडलो होतो. तरीही उरलेले सामने क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली खेळून संघ साखळीत पहिला आला, लीग विनर्स शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. संघ चांगला बांधलेला असेल तर कोच बदलल्याने आकाश कोसळत नाही, असे माझे मत त्यावरून झाले आहे.

सहज वाचक

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय, हे कोणी समजावून सांगेल का? आयपीएलसारखा लिलाव का करत नाहीत? ज्याला जो खेळाडू हवा, त्याने त्याची किंमत मोजावी. मग वाद उरणारच नाही.

हडसनकाठ

न्यूयॉर्क जेट्स. एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉल. 4 नोव्हेंबर 2025 रोजी सॉस गार्डनरला कोल्ट्सकडे आणि क्विनन विल्यम्सला काउबॉयजकडे पाठवले, त्याबद्दल मी बोलत आहे.

सहज वाचक, थोडक्यात सांगतो. विद्यापीठांतून येणारे खेळाडू 32 संघ 7 फेऱ्यांमध्ये क्रमाने निवडतात आणि आदल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी प्रथम येते. दुबळ्या संघाला उभे राहण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. ही पाळी, म्हणजेच पिक, दुसऱ्या संघाला देता-घेता येते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष वाढवण्याचा अधिकार संघाकडे असतो. ज्या संघाला दरवर्षी वरचे पिक मिळते तो कधीतरी सुधारायला हवा, असे कोणालाही वाटेल. आम्ही 2010 च्या हंगामानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, पाहिलेली नाही आणि आमचा एकमेव सुपर बोल, म्हणजे अंतिम सामन्यातला विजय, जानेवारी 1969 मधला आहे.

आकडेमोड

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आवडणार नाही, पण ड्राफ्टमध्ये कौशल्यापेक्षा नशिबाचा वाटा मोठा असतो आणि जेट्सना नशिबाशी व्यवहार कसा करावा हेच कळलेले नाही. 2018 मध्ये सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी सहावे पिक, त्या वर्षीची दुसऱ्या फेरीतली दोन पिके आणि 2019 चे दुसऱ्या फेरीचे पिक कोल्ट्सना दिले. त्यातून सॅम डार्नल्ड हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, आला. कोल्ट्सनी सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन घेतला, 37 व्या क्रमांकावर ब्रेडन स्मिथ घेतला आणि आपली ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पुढची फळी, कित्येक वर्षांसाठी उभी केली. एका खेळाडूसाठी चार संधी देणारा संघ दीर्घकाळात हरणारच. पिके साठवावीत, शक्य तेव्हा मागे सरकावे आणि जास्त खेळाडू घ्यावेत, एवढेच सूत्र आहे. कोच कोण आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

लेकशोर

मी शिकागोत राहतो, त्यामुळे आपले दुःख मला शब्दशः कळते. आमच्या बेअर्सनी 2017 मध्ये तिसऱ्या क्रमांकावरून केवळ एक पायरी वर जाण्यासाठी आणखी तीन पिके मोजली आणि मिच ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक घेतला. पुढे महान क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्स त्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर चीफ्सकडे गेला.

तरीही मी आकडेमोड यांच्याशी सहमत नाही. महोम्स शिकागोत आला असता तर महोम्स झाला असता का, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारतो. चीफ्सनी त्याला पहिले वर्षभर अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि हंगामाचा शेवटचा सामना तेवढा दिला. आमच्याकडे त्याला किती दिवस बसू दिले असते? आमचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. 2024 मध्ये तो पहिल्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच हंगामात त्याला 68 वेळा सॅक झाले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच आडवे पाडले गेले. नोव्हेंबरमध्ये आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे चढाईचा प्रशिक्षक, गेला आणि डेट्रॉइटमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सामन्यात, हातात टाइमआउट शिल्लक असताना घड्याळ संपू दिल्यावर हेड कोच मॅट एबरफ्लसही गेले. यंदा बेन जॉन्सन आले आणि तोच मुलगा वेगळा दिसू लागला. हात तोच आहे, बदलली ती शिकवण.

आकडेमोड

यंदा त्याच्यापुढची ऑफेन्सिव्ह लाइनही बदललेली आहे, हे आपण सोडून दिले. गार्ड आणि सेंटर नवे आणल्यावर क्वार्टरबॅक कमी वेळा आडवा होणार, यात कोचचे श्रेय किती मानायचे?

लेकशोर

ती लाइन कोणत्या पद्धतीच्या खेळासाठी हवी आहे, हे कोचला ठाऊक असावे लागते. दोन गोष्टी इतक्या सुट्या नसतात.

हिरवी जर्सी

मीही जेट्सवालाच आहे, त्यांच्या मेटलाइफ स्टेडियमच्या वरच्या मजल्यावरचा. हडसनकाठ, आपल्या बाजूने एक पुरावा देतो, जो तुमच्या मित्रांना नाकारता येणार नाही. जेट्समध्ये निवडणारे आणि शिकवणारे एकाच वेळी आलेलेच नसतात. 2018 च्या शेवटी कोच टॉड बोल्स यांना काढले, पण खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर माइक मॅकॅगनन यांना ठेवले. त्यांच्या कारकिर्दीत अ‍ॅडम गेस कोच झाले, मॅकॅगनन यांनीच 2019 चा ड्राफ्ट केला, त्यात क्विनन विल्यम्सला तिसऱ्या क्रमांकावर घेतले, आणि त्यानंतर मे महिन्यात त्यांनाच काढून टाकले. जूनमध्ये त्यांच्या जागी जो डग्लस आले. त्यांनी न निवडलेला कोच आणि त्यांनी न निवडलेला क्वार्टरबॅक त्यांच्या पदरात पडला. अशा घरात पोर वाढणार कसे?

डार्नल्डचा तो सोमवारचा सामना आठवून पाहा, 21 ऑक्टोबर 2019, समोर पेट्रियट्स. 33-0 असा पराभव झाला आणि त्याने चार इंटरसेप्शन दिले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्या संघाच्या हातात फेकला. बाकावर बसलेल्या त्या मुलाच्या अंगावर माइक होता आणि आपल्याला भुते दिसत आहेत, असे तो म्हणाला, ते देशभर ऐकवले गेले. चेंडू सोडण्यापूर्वी दबाव कुठून येणार आहे हे ओळखायला शिकवणे हे कोचिंगचे काम आहे. समोर चार जण धावून येत आहेत की सहा, हे त्याला स्नॅपच्या, म्हणजे डाव सुरू होण्याच्या, आधी कळायला हवे होते, आणि ते कळावे यासाठी लाइनची रचना कशी बदलायची हे त्याच्या तोंडपाठ असायला हवे होते. त्या रात्री त्याला यातले काहीही येत नव्हते, आणि तो त्याचा दुसरा हंगाम होता.

मांडवीतीर

पेट्रियट्सच्या बचावापुढे भलेभले गडबडतात, असे मी ऐकून आहे. त्यासाठी जेट्सच्या कोचला जबाबदार का धरायचे?

हिरवी जर्सी

भलेभले गडबडतात, पण पुढच्या आठवड्यात कोणीतरी त्यांच्याबरोबर बसून ती चूक सुधारतो. आमच्याकडे पुढचा हंगाम 2-14, म्हणजे दोन विजय आणि चौदा पराभव, असा गेला.

हडसनकाठ

हे सगळे उपयोगी आहे, पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. माझे मित्र लगेच झॅक विल्सनचे नाव घेतील. 2021 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक तीन वर्षांत संपला, तर ती निवड वाईट नव्हती असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

प्लेबुक

एक पद्धत सुचवतो. खेळाडू संघ सोडून गेल्यावर दुसऱ्या कोचच्या हाताखाली काय करतो, ते पाहावे. सुधारला तर दोष शिकवणीचा होता. जिथे जाईल तिथे तसाच राहिला तर दोष निवडीचा होता.

जेट्सना ही कसोटी लावा. क्वार्टरबॅक जीनो स्मिथला 2013 मध्ये दुसऱ्या फेरीत घेतले आणि पुढे सोडून दिले. 2022 मध्ये सीअ‍ॅटलकडून खेळताना त्याला पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला. मेकाय बेक्टन 2020 चा अकरावा खेळाडू, आमच्याकडे टॅकल, म्हणजे लाइनच्या टोकाचा खेळाडू, म्हणून अपयशी ठरला. ईगल्सनी त्याला आतल्या बाजूचा गार्ड केले आणि त्याच जागेवर खेळून त्याने सुपर बोल जिंकला. डार्नल्डने 2024 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जला 14 विजय मिळवून दिले. उलट, 2016 मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला ख्रिश्चन हॅकेनबर्ग नियमित हंगामात एकही स्नॅप खेळला नाही आणि त्याला दुसरीकडेही जागा मिळाली नाही. तो निखळ निवडीचा दोष. विल्सन डेन्व्हर आणि मायामीला गेला, पण कोणी त्याला आपला मुख्य क्वार्टरबॅक मानलेले नाही. म्हणून त्याला मी हॅकेनबर्गच्या बाजूला ठेवेन.

आकडेमोड

ही कसोटी सोयीची आहे, खरी नाही. डार्नल्ड जेट्समधून थेट मिनेसोटाला गेला नव्हता. आधी तो कॅरोलायनात गेला आणि तिथेही पडला, मग सॅन फ्रान्सिस्कोत राखीव बसला. तुमच्या नियमाने 2022 मध्ये त्याला वाईट निवड म्हणावे लागले असते आणि 2024 मध्ये चांगली. वय वाढल्याने खेळाडू आपोआपच परिपक्व होतो, याचा हिशेब यात कुठे आहे?

प्लेबुक

आक्षेप मान्य करण्यासारखा आहे, पण त्याने माझे म्हणणे बाद होत नाही. वय वाढल्याने परिपक्वता येत असेल, तर 21 व्या वर्षी पहिल्याच सामन्यापासून त्याला मैदानात उतरवणे हा कोणाचा निर्णय होता? ग्रीन बे पॅकर्सनी आरन रॉजर्सला 2005 मध्ये घेऊन 2008 पर्यंत थांबवले, जॉर्डन लव्हला 2020 मध्ये घेऊन 2023 पर्यंत थांबवले. तो काळ देणे हाही कोचिंगचाच भाग आहे.

विल्सनबद्दल मी थोडा कठोर झालो असेन, कारण एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्याला घडवण्यासाठी संघाने ग्रेग नॅप हे अनुभवी प्रशिक्षक आणले होते. जुलै 2021 मध्ये, सराव शिबिर सुरू होण्याच्या सुमारास, सायकलवर असताना झालेल्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. हंगाम सुरू होताना संघाने मुख्य यादीत त्याच्या शेजारी एकही मुरलेला क्वार्टरबॅक ठेवला नव्हता; जो फ्लॅको आला तो ऑक्टोबरमध्ये, विल्सन जखमी झाल्यानंतर. नॅप यांचे जाणे हा दैवाचा आघात होता, पण शेजारी अनुभवी क्वार्टरबॅक न ठेवणे हा माणसांनी घेतलेला निर्णय होता.

सहज वाचक

मला आता खेळ थोडा समजू लागला आहे. पण त्याच मैदानावर जायंट्स नावाचा दुसरा संघही खेळतो ना? मग तिकिटे त्यांची घेता येतील.

हिरवी जर्सी

धाग्यात हा सल्ला नको म्हणून स्पष्ट लिहिले आहे.

लेकशोर

हडसनकाठ, मला आपल्या मित्रांच्या भीतीचे खरे कारण वेगळेच वाटते. गार्डनर 2022 मध्ये चौथ्या क्रमांकावर आला, वर्षातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला आणि गेल्या जुलैमध्ये त्याचा करारही वाढवला गेला. म्हणजे निवडही बरोबर होती आणि शिकवणही. तरीही त्याला चार महिन्यांत विकले. निवड फसली तर खेळाडू जातो आणि साधली तरीही जातो, असे दिसल्यावर चाहत्याने जीव कोणावर लावायचा?

हडसनकाठ

होय. त्या दिवसापासून मला नेमके हेच बोचत होते, पण शब्दांत मांडता येत नव्हते. त्याच ड्राफ्टमध्ये आम्ही दहाव्या क्रमांकावर गॅरेट विल्सन घेतला आणि तोही चढाईतला सर्वोत्तम नवोदित ठरला. एका ड्राफ्टमधून दोन्ही पुरस्कार घरी आणणाऱ्या संघाला निवड येत नाही, असे म्हणता येणार नाही. त्या वर्षीचे हेड कोच रॉबर्ट सालेह यांना ऑक्टोबर 2024 मध्ये पाच सामन्यांनंतर काढले, नोव्हेंबरमध्ये डग्लस यांनाही काढले, आणि नव्या माणसांना आधीच्यांचे खेळाडू आपले वाटले नाहीत. मित्रांना मी हेच सांगेन. आता 2026 मध्ये पहिल्या फेरीची दोन आणि 2027 मध्ये तीन पिके हातात आहेत, आणि जनरल मॅनेजर डॅरेन मूगी आणि कोच आरन ग्लेन एकाच वर्षी आलेले आहेत. ती पिके ज्यांनी मिळवली त्यांनाच वापरू द्यावीत आणि निवडलेल्या मुलांना त्यांनीच शिकवावे, एवढीच माझी मागणी आहे.

आकडेमोड

आणि त्यांनी त्यातली तीन पिके एकत्र करून एका क्वार्टरबॅकसाठी वर उडी मारली तर?

हडसनकाठ

उडी मारून त्याला पहिल्याच रविवारी उतरवले आणि डिसेंबरमध्ये ग्लेन यांना काढले, तर माझी तिकिटेही जातील. तोपर्यंत मी ती ठेवणार आहे. बाकीच्या तिघांना हा धागा पाठवतो.

हिरवी जर्सी

ते तिघे तरीही सोडणार असतील तर मला व्यक्तिगत निरोप करावा. माझ्या मेहुण्याला आणि मला खालच्या मजल्यावरच्या दोन जागा हव्या आहेत. आपल्या जागा कोणत्या विभागात आहेत, हेही आपण अजून लिहिलेले नाही.