अनुभव धागा: इंग्रजीच्या वाटेने फ्रेंच शिकताना

सांजवेळ
काल भाची तणतणत आली. तिचं बोलणं, वाचणं, विचार करणं सगळं इंग्रजीत. या वर्षी फ्रेंच सुरू झालंय. वही आपटून म्हणाली, "मावशी, टेबल बाई कशी असेल?"

मला माझा पहिला महिना आठवला. कोऱ्या कार्डांवर शब्द लिहून पाठ करायचे, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. 'मेझों' म्हणजे घर, 'लिव्र' म्हणजे पुस्तक. असे तीन-चारशे झाले आणि एकाही शब्दापुढे 'ल' (पुल्लिंगी) की 'ला' (स्त्रीलिंगी) लिहिलेलं नव्हतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'द', तो कोण लिहीत बसतं? मग स्वतःची वाक्यं करायची वेळ आली आणि प्रत्येक शब्दाशी अडायला लागलं. विशेषण कुठलं लावू, पुढच्या वाक्यात 'तो' म्हणू की 'ती'? दोन रविवार बसून सगळ्या कार्डांवर निळ्या शाईने 'ल' आणि लाल शाईने 'ला' लिहिलं. आजही 'मेझों' म्हटलं की मला लाल रंग दिसतो.

भाचीला म्हटलं, बाई-पुरुष सोडून दे. 'ताब्ल' हा शब्दच नाही असं समज. शब्द आहे 'ला ताब्ल'. तुमचे सुरुवातीचे अनुभव लिहा ना, तिला वाचून दाखवते.

अर्धविराम
शेवट बघायला सांग तिला. '-स्यों'ने संपणारे (इंग्रजीतले '-शन'वाले) जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी. '-मां' बहुतेक पुल्लिंगी. '-आज' पण बहुतेक पुल्लिंगी, 'पाज' (पान), 'प्लाज' (समुद्रकिनारा), 'इमाज' (चित्र) असे काही अपवाद सोडून. आणि 'पेर्सोन' म्हणजे व्यक्ती, ती पुरुष असली तरी स्त्रीलिंगीच. आपण नाही का पुरुषालाही 'ती व्यक्ती' म्हणत! मीटिंग सुरू होतेय, उरलेलं नंतर.

रानवाट
मीटिंगवरून आठवलं. नवीन नोकरी, फ्रान्समधली टीम. मला लिहायचं होतं, मी बैठकीला हजर राहीन. इंग्रजीतल्या 'अटेंड'वरून बेधडक 'आतांद्र' वापरलं. त्याचा अर्थ वाट बघणं. उलट उत्तर आलं, आम्हीही वाट बघतोय, उद्या दहाला आहे. हजर राहण्याला 'आसिस्ते' म्हणतात, आणि तो दिसतो इंग्रजीतल्या 'असिस्ट'सारखा, म्हणजे मदत करणे. 'आक्त्युएलमां' म्हणजे 'सध्या', 'खरं तर' नव्हे. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, वाचनालय नव्हे.

पाऊलखुणा
@रानवाट अगदी! पण ओळखीचे शब्द इतके असतात म्हणून तर पहिल्या दिवशी धीर येतो. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, पुढे कितीतरी पिढ्या दरबार आणि न्यायालयं फ्रेंचमध्ये चालली, तिथून असे बरेच शब्द इंग्रजीत आले. वाचताना त्यांचा आधार घ्यावा. बोलताना आणि लिहिताना मात्र प्रत्येक शब्द पुन्हा तपासावा, मी तरी असंच करते.

आणि टोपीवाली अक्षरं (ê, ô, î)! 'फोरे', 'ओपिताल', 'ईल'. टोपी दिसली की तिथे पूर्वी एस होता असं बहुतेकदा धरता येतं. लगेच फॉरेस्ट, हॉस्पिटल, आइल दिसायला लागतात. मला हे कळलं त्या दिवशी मी शब्दकोश घेऊन टोप्याच शोधत बसले होते.

खिडकीपाशी
माझं दुखणं कानाचं. पुस्तकावरून शिकलो, सगळं वाचता यायचं आणि ऐकताना शून्य. शेवटची व्यंजनं गिळतात हे माहीत होतं, पण पुढच्या शब्दाला स्वर लागला की गिळलेलं व्यंजन परत येतं हे कानाला सवयीचं नव्हतं. 'ले' आणि 'आमी' (मित्र) मिळून 'लेझामी'. 'इल्सों' म्हणजे 'ते आहेत', 'इल्झों' म्हणजे 'त्यांच्याकडे आहे'. एका स-झ वर सगळा अर्थ!

शेवटी एक उपाय चालला. आधी ऐकायचं, तीनदा म्हणायचं, मगच स्पेलिंग बघायचं. उलट क्रमाने शिकलो त्याची दोन वर्षं भरपाई केली.

झुळूक
+१. 'पार्ल' हा एकच आवाज आणि लिहायचा तीन तऱ्हांनी, मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात. डिक्टेशनला रडले आहे.

सांजवेळ
@झुळूक अगं, सगळेच रडलोय.

बिनघोर
तो फ्रेंचमधला 'यू'चा उच्चार कसा काढायचा कोणी सांगेल का? मुलगा रोज विचारतो.

खिडकीपाशी
@बिनघोर 'ई' म्हणत राहा, जीभ अजिबात हलवू नका, फक्त ओठांचा चंबू करा. निघतो तोच. 'तू' म्हणजे सगळं, आणि हा चंबूवाला 'त्यू' म्हणजे एकेरी तू. आपल्याला अनुनासिकाची सवय आहे म्हणून 'बों', 'व्हें', 'ब्लां' त्यामानाने सोपे जातात, इंग्रजीवाले शेवटी 'न' ठणकावतात.

अर्धविराम
आले परत. @सांजवेळ तिला तू-तुम्ही नीट समजाव. इंग्रजीत एकच 'यू' असल्याने मुलं सगळ्यांना 'त्यू' म्हणतात. अनोळखी मोठ्या माणसाला 'वू'च. आपल्या अहो-जाहोवरून सांगितलंस तर पटकन कळेल. आणि फ्रान्समध्ये दुकानात शिरल्यावर आधी 'बोंजूर', मग काय हवं ते. हे व्याकरणात नसतं पण पहिल्या धड्यात असायला हवं.

वय सांगताना 'मी वीस वर्षं आहे' नाही, 'माझ्याकडे वीस वर्षं आहेत'. भूक, तहान, भीतीही तशीच, 'मी आहे'ला हात लावायचा नाही.

रानवाट
आकड्यांबद्दल कोणीच नाही बोललं? तिथे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांत सांगतात. समोरचा म्हणाला 'स्वासांत...', मी 60 लिहिलं, तोवर पुढे 'दि-सेत' (सतरा) आलं, म्हणजे ते 77 होतं. खोडेपर्यंत पुढची जोडी गेली. तीनदा नंबर विचारला त्या माणसाला, तिन्ही वेळा शांतपणे सांगितला त्याने.

पाऊलखुणा
80 म्हणजे 'कात्र-व्हें', चार विसा! माझी आजी अशीच मोजायची, तीन विसा, चार विसा. त्यामुळे मला हे कधी परकं वाटलंच नाही. पॅरिसमध्ये डोळ्यांचं एक जुनं रुग्णालय आहे, त्याचं नावच 'कँझ-व्हें', पंधरा विसा. तेराव्या शतकात नवव्या लुई राजाने तीनशे अंधांसाठी उभारलं होतं.

बिनघोर
बेल्जियममध्ये 70 ला सरळ 'सेप्तांत' म्हणतात ना?

पाऊलखुणा
हो, आणि 90 ला 'नोनांत'. स्वित्झर्लंडमध्येही. 80 ला मात्र बेल्जियमवालेही चार विसाच म्हणतात.

सांजवेळ
भाचीला चार विसा सांगितलं, खूश आहे एकदम. आता 99 कसं ते विचारतेय. चार विसा आणि एकोणीस म्हटलं, तर कागदावर मांडून बघतेय. @अर्धविराम '-स्यों'चे अजून पाच-सहा शब्द टाक ना, उद्या चाचणी आहे तिची.