अनुभव धागा : नाताळच्या आधीचे चार आठवडे

केकचे फोटो, चांदण्या, कुलकुलांची कृती हे दरवर्षी भरपूर येतं, यंदाही येऊ द्या. हा धागा मात्र आगमनकाळाचा. नाताळच्या आधीचे चार रविवार, फादरांच्या अंगावर जांभळा झगा, मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं, गौरवगीत बंद. त्या दिवसांत तुमची श्रद्धा वाढली, रुसली की हरवली, ते लिहा. उपदेश नको, तो रविवारी मिळतोच. वसईपासून बांद्यापर्यंत सगळ्यांना आमंत्रण.

वसईहून :
आमच्याकडे आगमनकाळात करवंटीत नाचणी पेरतात. नाताळपर्यंत चार बोटं कोंब येतात, तेच गोठ्यातलं, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातलं, शेत. हे काम आईचं. २०२३च्या नोव्हेंबरात ती गेली आणि पेरायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. १८ डिसेंबरला बायकोला माळ्यावर करवंट्या सापडल्या, आईने घासून पालथ्या घातलेल्या. मी रागारागाने नाचणी टाकली. राग कुणावर? देवावरच असावा. चोवीस तारखेला कोंब जेमतेम दाढीच्या खुंटाएवढे.

त्या रात्री फादर म्हणाले, संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावात गोठा मांडला तेव्हा मूर्ती नव्हत्या. गव्हाण, गवत, बैल आणि गाढव, बस्स. पुढचं प्रवचन आठवत नाही. घरी आल्यावर बाळ येशूला ठेवायची वेळ आली आणि सगळेच थांबले, कारण तो मान आईचा. शेवटी धाकटीने ठेवला, तोही वाकडा. तसाच राहू दिला. राग गेला असं म्हणणार नाही. पुढच्या वर्षी नाचणी वेळेवर पेरली, एवढं खरं.

कोर्लईहून :
एका वर्षी इंजिन बिघडलं आणि चोवीसची रात्र समुद्रातच गेली. मिस्सा चुकली म्हणून माझी चिडचिड. बरोबरचा म्हातारा तांडेल म्हणाला, "ही बातमी पहिली कळली कुणाला? रात्री राखणीला बसलेल्या मेंढपाळांना. देवळातल्यांना नाय." लूकचा दुसरा अध्याय लहानपणापासून ऐकतोय, त्यातली रात्रपाळी तेव्हा दिसली. थंडीने दात वाजत होते हेही लिहितो, नाहीतर फारच पवित्र वाटायचं.

वेंगुर्ल्याहून :
नवरा बोटीवर, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. सासूबाईंना म्हटलं, घरात माणूस नाही, यंदा गोठा नको. त्या म्हणाल्या, "तेका तरी खंय घर गावला?" मी मुकाट्याने बांबू तासायला बसले. मध्यरात्री गौरवगीत सुरू झालं, घंटा वाजल्या. नवऱ्याला ऐकवायला फोन उंच धरला, तर रेंज गेलेली. तरी गाणं संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.

दापोलीहून :
आम्ही प्रॉटेस्टंट. आमच्याकडे जांभळा झगा नाही, भजन आहे. पेटी, तबला, टाळ आणि नारायण वामन टिळकांचे अभंग. टिळक आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. बाप्तिस्मा १८९५ सालचा. कॉलेजात एकाने विचारलं, "तुम्ही नाताळात इंग्लिश गाणी म्हणत असाल ना?" त्याला घरी नेऊन भजनाला बसवलं. टाळ वाजवत होता तो, बेताल.

रत्नागिरीहून :
माझा विश्वास नाही. आजीला रिक्षातून चर्चला न्यायचं म्हणून जातो. तिला ऐकू येत नाही, मला पटत नाही. दोघंही शेवटपर्यंत बसतो.

अलिबागहून :
वसईकर, आज दुसरा रविवार. आता नाचणी पेरली तर येईल का?

वसईहून :
येईल की. आज रात्री भिजत घाला, करवंटीला बारीक भोक पाडा, पाणी साचलं तर कुजते. पहिले दोन दिवस ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा.