दसऱ्याआधी इंजिन धुताय? जरा थांबा

बी-३०४: नमस्कार मंडळी. परवा दसरा. उद्या गाडी धुवायला देतोय. पावसाळ्यात बॉनेटच्या आत चिखल-धूळ बसलीय. तेही प्रेशरने मारून घेऊ का? वॉशिंगवाला म्हणतो, वरून डिझेल स्प्रे मारला की इंजिन नव्यासारखं दिसतं.

सी-१०१: घ्या मारून. मी दर वर्षी घेतो, अजून काही झालं नाही.

ए-६०२: दादा, प्लीज नको! गेल्या वर्षी आमची गाडी अशीच धुऊन आणली. गेटपाशी येईपर्यंत हिसके द्यायला लागली आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. एक कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) बदलावी लागली.

बी-३०४: बापरे. डी-२०३ काका, तुम्ही गाड्यांच्या वायरिंगचंच काम करायचात ना? काय करू?

डी-२०३: ताईंचं बरोबर आहे. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत प्रत्येक प्लगवर कॉइल बसते आणि प्लग खोल खड्ड्यात असतो. तिथे गेलेलं पाणी लवकर सुकत नाही. ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता बाजूने निसटते आणि तो सिलिंडर मिस होतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करायची. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, तो तापून खराब होतो आणि मग खर्च कॉइलवर थांबत नाही.

वायरींच्या कनेक्टरना रबरी सील असते, पण ती पावसाच्या शिंतोड्यांसाठी. जवळून मारलेल्या प्रेशरपुढे ती टिकत नाही. आत ओल राहिली की पिना हिरव्या पडतात आणि बिघाड महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो. तोवर गाडी धुतल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. सी-१०१ साहेब, म्हणून तुमचाही पाइप बंद करा, आग्रहाने सांगतो.

डिझेल स्प्रे तर मुळीच नको. रबरी पाइप फुगतात, धूळ दुप्पट चिकटते आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

बी-३०४: मग घरीच करतो. कसं करू?

डी-२०३: इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणून रात्रभर उभी ठेवा. सकाळी दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर आधी काढा. आधी मॅन्युअल बघून घ्या, काही गाड्यांत काच-रेडिओ पुन्हा सेट करावे लागतात. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून टेप लावा. सुकी धूळ आधी ब्रशने झाडा. मग डिग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रव) कापडावर घेऊन पुसा, इंजिनवर ओतू नका. शेवटी ओल्या कापडाने. बहुतेक गाड्यांना एवढं पुरतं. पाण्याचा पाइप लागतच नाही.

गाडी सुरू करण्याआधी पिशव्या मोजून काढा. एखादी राहिली तर बेल्टमध्ये ओढली जाते.

ई-४०१: काका, आमची सीएनजी बाहेरून बसवलेली आहे. चालेल?

डी-२०३: तुम्ही जास्त जपा. बाहेरच्या किटचे जोड कधीकधी नुसत्या टेपने गुंडाळलेले असतात. त्याचा वेगळा ईसीयू आणि इंजेक्टर रेलही झाका. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा, पावसाळ्यात हे फार होतं. उघड्या तारेवर ओलं कापडसुद्धा नको. आणि हायब्रिडवाल्यांनी केशरी (हाय व्होल्टेजच्या) वायरींना हातच लावू नये.

ए-६०२: काका, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी पूड आलीय, तिचं काय?

डी-२०३: दोन्ही वायरी काढा, आधी काळी. खायचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा. पुसून सुकलं की आधी लाल, मग काळी जोडा. वरून पेट्रोलियम जेलीचा हात. ती पूड डोळ्यात जाऊ देऊ नका.

कमिटी, ए-१०३: एक विनंती. डिग्रीझरचं तेलकट पाणी पार्किंगच्या जाळीत सोडू नका. ती लाइन शोषखड्ड्यात जाते, तिथून आपल्या बोअरच्या पाण्यात. पुसलेली फडकी वेगळ्या पिशवीत ठेवा.

बी-३०४: ठरलं. गाडी आत्ताच खाली लावून आलो. काका, पाना आहे का?

डी-२०३: आहे. सकाळी ७ ला या. वायर मी काढून देतो.

सी-१०१: मीही येतो, काका. माझ्या कनेक्टरच्या पिना एकदा बघून घ्या.