कामावरच्या मंडळींसोबत पाहिलेलं सूर्यग्रहण - तुमचे अनुभव लिहा

२ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून परत खंडग्रास दिसणारे, पण ऐन पावसाळ्यात, म्हणजे ढगांचा काही भरवसा नाही. तोवर आधीच्या ग्रहणांबद्दल लिहा ना, खास करून ऑफिसात, कारखान्यात, ड्युटीवर असताना पाहिलेली. मी सुरुवात करते.

जळगाव, २५ ऑक्टोबर २०२२. लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी झालेलं, पाडवा दुसऱ्या दिवशी, त्यामुळे निम्मं ऑफिस सुट्टीवर आणि जे आलेले ते पावणेपाचनंतर सगळे गच्चीवर. ग्रहण बघायचा चष्मा एकच, त्यामुळे नंबर लागायला वेळ, मग आमचा शिपाईदादा खालच्या फरसाणवाल्याकडून बुंदीचा झारा घेऊन आला. सूर्य पार खाली आलेला म्हणून सावली जमिनीवर न पडता जिन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पडली आणि झाऱ्याच्या प्रत्येक भोकाचा एक एक चावलेला सूर्य, ओळीने! भिंतीपासून झारा जितका लांब न्यावा तितका सूर्य मोठा पण फिकट होत जायचा. दादा ओरडला, "देख ना भो, चांदना सारखा दिसी ऱ्हायना!" आमच्यातली एक पाच महिन्यांची गरोदर होती, घरून सक्त ताकीद होती, ती खालीच बसली. तिला कुणी आग्रह केला नाही ते मला फार बरं वाटलं, भिंतीचा फोटो मात्र लगेच पाठवला. ग्रहण सुटायच्या आतच सूर्य मावळला, तसाच खाल्लेला.

---

भुसावळ. त्याच दिवशी आमच्या वर्कशॉपात पोरं वेल्डिंगच्या काचा घेऊन बाहेर पळाली, तर सुपरवायझर साहेबांनी सगळ्यांच्या काचा काढून घेतल्या. रोजची दहा-अकरा नंबरची चालत नाही, चौदा नंबरचीच पाहिजे, आणि डोळ्याच्या पडद्याला दुखतच नाही त्यामुळे भाजलेलं त्यावेळी कळत पण नाही. चिडली पोरं, पण साहेब बरोबर होते. नंतर पुठ्ठ्याला भोक पाडून भिंतीवर पडलेला सूर्य पाहिला.

---

मी मूळ अमळनेरचा, २००९ ला सुरतला लूमवर होतो. २२ जुलै, रात्रपाळी संपत आलेली, सकाळचे सहा वाजून गेलेले आणि आम्ही खान्देशी पोरं गेटबाहेर चहाला. सूर्य काही दिसला नाही, पूर्ण ढग होते, पण उजाडलेलं परत अंधारलं आणि तीन मिनिटांच्या वर तसंच राहिलं, रस्त्यावरच्या गाड्यांनी लाईट लावले. ढगामुळे वाया गेलं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, खग्रास असेल तर ढगातही बाहेर उभं राहा. खंडग्रासला तेवढा अंधार पडत नाही, तिथे चष्माच पाहिजे.

---

वरच्या भाऊंना अनुमोदन. चष्मा घेताना त्यावर आयएसओ १२३१२-२ (ग्रहणाच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक) लिहिलेलं बघा आणि ओरखडा असला तर वापरू नका. एक्स-रेची फिल्म तर अजिबात नको, आमच्याकडे धुळ्यात अजून लोक तीच शोधतात.