तिसऱ्या दिवशी उठणारच होता तर येशूच्या मरणात त्याग कुठला?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या एका मित्राची आई वारली, कॅथलिक घर, बेळगावात कॅम्पात राहतात. मातीला गेलो होतो. फादरनी प्रार्थनेत येशू मेला आणि उठला, तशी ही पण उठेल असं दोन-तीनदा म्हटलं आणि मित्र एवढा रडालता तरी त्या वाक्याला मान डोलवत होता. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. आमचं घर माळकरी, शरीर जातं आत्मा राहतो हे लहानपणापासून ऐकलेलं, मग यांचं वेगळं काय? आणि देवच होता तर मेला कसा, तिसऱ्या दिवशी उठणार हे त्याला आधीच माहीत होतं तर त्यात त्याग कसला? वाद घालायचा नाही ओ, मित्राला आत्ता विचारवत नाही म्हणून इथं विचारालोय.

कॅम्पातला मेथडिस्ट
चांगलं विचारलासा. आमच्यात, म्हणजे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात, शिकवतात ते असं की पापाचं फळ मरण, ते आमच्या वाट्याचं होतं आणि येशूनं स्वतःवर घेतलं, सावकाराचं देणं आपल्याला फिटत नाही म्हणून दुसऱ्यानं येऊन फेडावं तसं. बायबलातल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात ५३ व्या अध्यायात आमच्या अपराधांसाठी घायाळ झालेल्या सेवकाचं वर्णन आहे, येशूच्या कितीतरी शतकं आधीचं, गुड फ्रायडेला ते वाचलं की अजून अंगावर काटा येतो. आणि तो उठला म्हणजे ते अर्पण पित्यानं स्वीकारलं. म्हणूनच येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, तुम्ही अजून पापातच. पहिलं पत्र, अध्याय १५. अख्खा वाचा, तुमचे निम्मे प्रश्न तिथंच आहेत.

निपाणीकर
मी कॅथलिक. वरचं उत्तर चूक नाही पण नुसतं देणं-फेडणं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं देव रागावून बसलेला आणि पोराचा जीव घेऊन शांत झाला, हे मला अजिबात पटत नाही. पुत्र आपणहून गेला, आणि पिता-पुत्र मिळून एकच देव, म्हणजे सोसलं ते देवानंच. ही देण्याची मांडणी पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ११ व्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या आर्चबिशपनं नीट बांधली, त्याच्या आधीच्या लोकांचा भर जास्त करून ख्रिस्तानं मरणात शिरून मरणालाच हरवलं यावर होता. आम्ही मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जो विश्वासांगिकार (आमचा विश्वास काय ते सांगणारं पठण) म्हणतो त्यात 'आमच्यासाठी' क्रुसावर खिळला एवढंच आहे, नेमकं कसं याचा एकच सिद्धांत चर्चनं कुणावर लादलेला नाही.

देव मेला कसा, तर तो खरा देव आणि खरा माणूस दोन्ही, ४५१ साली खाल्सेदोनला भरलेल्या चर्चच्या परिषदेत हेच ठरवून सांगितलं. देवपण मेलं नाही, पण क्रुसावर जो मेला तो देवाचा पुत्रच.

आता त्याग. उठणार हे माहीत असलं म्हणून खिळे कमी टोचतात काय ओ? गेथशेमानेच्या बागेत तो आदल्या रात्री हा दुःखाचा प्याला माझ्यावरून टळू दे म्हणून विनवतो, क्रुसावर माझ्या देवा मला का सोडलंस म्हणून ओरडतो, आई समोर उभी, शिष्य बहुतेक पळालेले. रोमन लोक ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे, मुद्दाम सगळ्यांसमोर, मरणाबरोबर अब्रूही जावी म्हणून. यातलं काही तिसऱ्या दिवशी पुसलं गेलं नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं त्याच दाखवल्या. म्हणजे पुनरुत्थान म्हणजे झालं-गेलं रद्द करणं नव्हे, ज्यानं सोसलं तोच, त्या जखमांसकट, जिवंत आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्याकडं मोठी मेणबत्ती पेटवतात ना, तिच्यावर धूपाचे पाच दाणे रोवतात ते हात, पाय आणि कुशीतल्या त्या पाच जखमांचे.

आणि तुमच्या घरच्या शिकवणीपेक्षा वेगळं काय, तर इथं आत्मा सुटून गेला असं नाही, कबर रिकामी होती. शुभवर्तमानात लूक लिहितो की त्यानं शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या लाजारसारखं परत उठून पुन्हा कधीतरी मरणंही नाही. पौल त्याला प्रथमफळ म्हणतो, म्हणजे बाकीचं पीक मागून येणार. फादर मातीच्या वेळी बोलले ते हेच.

कॅम्पातला मेथडिस्ट
जखमांचं पटलं, आमचे पाळक पण थोमावर बोलतात. एक भर घालतो. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी बघितली, योहानाच्या शुभवर्तमानात तर येशूची शिष्या मग्दालिया मरीया एकटीच, आणि त्या काळात बाईच्या साक्षीला फार किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच असती तर कोणी पेत्राला, येशूच्या मुख्य शिष्याला, पुढं केलं असतं. पुरावा म्हणून नाही सांगत, पण मला यात खरेपणा दिसतो.

खानापूरकर
दोघांचे आभार, त्यागाचं आता कळालं. एकच राहिलं. ते शेवटच्या दिवशी उठणार म्हणता, मग मित्राची आई आत्ता कुठं आहे म्हणायची? तो मला हे विचारेल असं नाही, पण त्याच्याशी बोलताना तोंडून काही चुकीचं जायला नको.

निपाणीकर
देवाच्या हाती आहे असं म्हणा. आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो, मिस्सा ठेवतो, २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांच्या दिवशी कबरी साफ करून फुलं ठेवतो. त्या दिवशी त्याच्याबरोबर जावा, तुम्ही आलेलं त्याला बरं वाटेल.

कॅम्पातला मेथडिस्ट
आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही, विश्वासात गेलेला माणूस ख्रिस्ताजवळ आहे एवढं धरून घरच्यांसाठी करतो. यात आमचं त्यांचं जमत नाही. पण मित्र कॅथलिक आहे, तर तुम्ही निपाणीकरांचंच ऐका.